गल्ल्यातले पैसे आणि कागदावरचं उत्पन्न

परवा दादाच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो तर काउंटरवरचा क्यूआर कोडचा स्टिकर दिसेना. विचारलं, तर दादानं बिस्किटाच्या बरणीमागून तो काढून दाखवला. उलटा करून ठेवला होता.

"काहून?" मी विचारलं.

"कर्नाटकात भाजीवाल्याले नोटीस आली होती म्हणते, मोबाईलवर आलेल्या पैशाची. आपल्याले एकदा झालं तेवढं पुरे. मले नाई पायजे आता ते."

दादा म्हणत होता ती बातमी खरी आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकच्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी देशभर फिरली. बंगळुरूच्या टपऱ्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पुढं सरकारनं जुनी थकबाकी वसूल न करण्याचं आश्वासन दिलं. पण भीती काही आश्वासनासोबत परत जात नाही. ती आमच्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावापर्यंत आली आणि बरणीमागं जाऊन बसली.

जीएसटी वेगळा, आयकर वेगळा, हे दादाला समजावलं. त्यानं मान हलवली, स्टिकर मात्र तिथंच ठेवला. त्याचं कारण मला माहीत आहे. ते आज लिहितोय, कारण त्यात माझीही एक चूक आहे. आणि त्या निमित्तानं मी गेली काही वर्षं जे वाचत आलो तेही सांगायचंय. छोट्या धंद्याचं खरं उत्पन्न किती, हे ठरवायचं कसं, हा वाद आपल्या देशात दीडशे वर्षांहून जुना आहे. त्यातला एक महत्त्वाचा निकाल तर आपल्या अकोल्याच्याच एका दुकानाचा आहे.

आधी दादाचं प्रकरण

८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं. त्या दिवशी दादाच्या घरात ३ लाख ८० हजार रुपये होते. एवढे कशाला? घराचा स्लॅब टाकायचा होता. सप्टेंबरात त्यानं बँकेतून दीड लाख काढले होते. दिवाळीच्या आधी भिशी लागली, तिचे १ लाख २० हजार आले. उरलेले १ लाख १० हजार गल्ल्यातले, म्हणजे दिवाळीच्या दिवसांतली विक्री आणि वहिनीनं डब्यात टाकत आणलेली शिल्लक. सेंट्रिंगवाला येणार, तेवढ्यात नोटा गेल्या. दादानं रांगेत उभं राहून सगळे पैसे खात्यात भरले.

२०१९ मध्ये नोटीस आली. या रोख रकमेचा स्रोत सांगा. समोरासमोर कोणी बसलं नाही. प्रश्न पोर्टलवर यायचे, आमचे सीए साहेब उत्तरं चढवायचे. दादाच्या विवरणपत्रात त्या वर्षीची विक्री ९ लाख ४० हजार आणि उत्पन्न २ लाख ८० हजार दाखवलेलं. अधिकाऱ्याचा प्रश्न तसा साधाच होता. दिवसाला अडीच हजारांच्या आसपास विक्री असलेल्या हॉटेलवाल्याच्या घरात पावणेचार लाख रोख कशी?

बँकेतून काढलेले दीड लाख मान्य झाले, कारण पासबुकात नोंद होती. गल्ल्यातले ४० हजार मान्य झाले. भिशीचे १ लाख २० हजार आणि गल्ल्यातले उरलेले ७० हजार, असे १ लाख ९० हजार 'स्पष्टीकरण न देता आलेली रक्कम' ठरले. त्यावर नेहमीचा कर लागत नाही. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये कायदा बदलला. अशा रकमेवर ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार आणि वर उपकर. तेव्हा ते एकूण ७७ टक्क्यांच्या वर जायचं. दादाच्या नावावर जवळजवळ १ लाख ४७ हजार निघाले, व्याज वेगळं. स्लॅब तर राहिलाच.

दादा एकच वाक्य बोलत होता, "चहाची पावती कोणी देते काय बे?"

आता माझी चूक. डिसेंबर २०१६ मध्ये मी पहिल्या पानावर बातमी दिली होती. गावातल्या व्यापाऱ्यांनी बँकेत 'संशयास्पद' रकमा भरल्या, अशी. आधार काय? एका बँक कर्मचाऱ्याचं ऐकीव बोलणं आणि बाजारातली कुजबुज. नावं दिली नव्हती, पण गावाला नावं लागत नाहीत. तेव्हा ती बातमी मला धाडसी वाटली होती. तीन वर्षांनी माझ्याच भावाच्या कागदांवर संशयाची तीच भाषा वाचली तेव्हा बसलो आणि जुने निकाल वाचायला घेतले.

सुरुवातीपासूनच अंदाज

आपल्याकडचा आयकर १८५७ च्या उठावानंतरचा. तिजोरी रिकामी झाली म्हणून इंग्लंडहून जेम्स विल्सन हा अर्थतज्ज्ञ आला आणि १८६० मध्ये त्यानं हा कर आणला. कायद्याला २४ जुलै १८६० रोजी मंजुरी मिळाली, म्हणून आजही तो दिवस आयकर दिन म्हणून पाळतात. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के, त्यावर ४ टक्के. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन यानं उघड विरोध केला, त्याला परत बोलावलं. विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. कर १८६५ मध्ये बंद पडला, पुन्हा आला, पुन्हा गेला.

मधल्या काळात व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स बसवला. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सुरतेत त्यावरून बाजार बंद झाला, दंगल उसळली, गोळीबार झाला. त्या खटल्यात आरोपींच्या बाजूनं उभे राहिले ते तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता.

मग १८८६ चा कायदा आला आणि आयकर कायमचा झाला. शेतीचं उत्पन्न वगळलं, ५०० रुपयांखाली माफी. यातली एक तरतूद वाचून मी थांबलो. वर्षाला २००० रुपयांपेक्षा कमी कमाई असलेल्या छोट्या माणसांची यादी कलेक्टरनं तयार करायची. कोणाची कमाई किती आणि कर किती, हे त्यानंच लिहायचं. यादी कचेरीत बघायला ठेवायची. ज्याला पटत नाही त्यानं अर्ज घेऊन यायचं.

म्हणजे बघा, आकडा आधी सरकारचा. तो चुकीचा आहे हे सांगायचं काम दुकानदाराचं. चहावाला असो की तेली, 'माझं खरं उत्पन्न एवढं नाही' हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर पहिल्यापासूनच आहे. आणि त्याच्याकडं असायचं काय? लाल कापडात बांधलेली चोपडी. दिवाळीला तिची पूजा व्हायची, हळदकुंकू वाहायचं, स्वस्तिक काढायचं. आत कोणी उधार नेलं, कोणी परत केलं, एवढं. कीर्द, खतावणी रीतसर लिहायला मुनीम लागतो, आणि मुनीम ठेवण्याएवढा धंदा असेल तर तो छोटा धंदा नव्हेच.

१९२२ च्या कायद्यानं यात थोडी शिस्त आणली. दुकानदार ज्या पद्धतीनं नियमित हिशेब ठेवतो, त्या पद्धतीनंच त्याचं उत्पन्न काढायचं. पण त्या हिशेबातून उत्पन्न नीट निघत नसेल, तर अधिकारी त्याला योग्य वाटेल त्या आधारावर ते काढेल. आणि दुकानदारानं कागदच दिले नाहीत, तर अधिकारी स्वतःच्या समजुतीनं आकारणी करेल.

'स्वतःच्या समजुतीनं' म्हणजे नक्की कसं, हा प्रश्न अकोल्यातून लंडनला गेला.

अकोल्याचं दुकान, लंडनचा निकाल

बद्रीदास रामराय शॉप, अकोला. निकालात पेढीचं नाव असंच आहे. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. पेढीनं मागितलेली माहिती नियमाप्रमाणं दिली नाही, अधिकाऱ्यानं अंदाजानं कर बसवला. वाद वाढत वाढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हिंदुस्थानातल्या खटल्यांचा तो तेव्हाचा शेवटचा दरवाजा. मुद्दा असा होता की, अंदाज बांधण्याआधी अधिकाऱ्यानं स्थानिक चौकशी करून तिची रीतसर नोंद ठेवलीच पाहिजे का?

१९३७ मध्ये निकाल आला. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, तशी सक्ती नाही. जो माणूस कागद देत नाही त्याच्याबाबतीत अंदाज लागणारच. गावात त्या माणसाची पत काय, लोक काय समजतात, आधीच्या वर्षांची आकारणी किती होती, हे सगळं अधिकाऱ्याला विचारात घेता येईल. निकाल सरकारच्या बाजूनं गेला. पण त्याच निकालात एक अट आहे, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं देशभरच्या न्यायालयांनी तीच उचलून धरली. अधिकाऱ्यानं सूडानं, लहरीनं किंवा अप्रामाणिकपणे वागायचं नाही. अंदाज असला तरी तो प्रामाणिक अंदाज असला पाहिजे.

अकोल्याच्या बाजारात मी शेकडो वेळा गेलोय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. करसल्लागारांच्या जाड पुस्तकांत अकोल्याचं नाव आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठंच नाही.

तोवर अपील म्हणजे खात्यातल्याच वरच्या साहेबाकडं अर्ज. खात्याबाहेरचं आयकर अपील न्यायाधिकरण स्थापन झालं ते २५ जानेवारी १९४१ ला.

पहिली नोटाबंदी

बऱ्याच जणांना २०१६ ची नोटाबंदी पहिली वाटते. पहिली झाली १२ जानेवारी १९४६ ला. युद्धातला काळा पैसा बाहेर काढायचा म्हणून इंग्रज सरकारनं अध्यादेश काढून ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा बाद केल्या. दुसरी १९७८ च्या जानेवारीत, मोरारजी देसाईंच्या काळात. १९४६ ला सामान्य माणसाच्या घरात हजाराची नोट नसायचीच. पण व्यापारी पेढ्यांत असायची. त्यांनी त्या भरल्या आणि पुढं काही वर्षं आयकराच्या फायली फुगल्या.

त्यातल्या दोन फायली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. दोन्ही वाचताना मला दादाचीच फाईल वाचतोय असं वाटलं.

पहिली मेहता पारीख आणि कंपनीची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलं. पेढीनं हजाराच्या ६१ नोटा भरल्या. कुठून आल्या, तर ज्यांच्याकडून पैसे आले त्यांची प्रतिज्ञापत्रं दिली, रोजकीर्द दाखवली. अधिकाऱ्यानं सगळेच ६१ हजार उत्पन्नात धरले. न्यायाधिकरणानं काय केलं? ३१ नोटा मान्य केल्या, ३० नाकारल्या. का ३१? का ३०? सरळ उत्तर कुठंच नाही. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हिशेब मोडून काढला. रोजकीर्द खोटी आहे असं कोणी म्हटलं नाही, प्रतिज्ञापत्रं देणाऱ्यांना बोलावून कोणी उलट प्रश्न विचारले नाहीत, तेवढ्या नोटा शिल्लक असणं हिशेबानं शक्य होतं. मग अर्ध्या खऱ्या आणि अर्ध्या खोट्या कशावरून? हा निव्वळ तर्क झाला, पुरावा नव्हे.

दुसरी फाईल साहिबगंजची, तेव्हा बिहारात, आता झारखंडात. लालचंद भगत अंबिका राम ही धान्याची पेढी. तिनं हजाराच्या २९१ नोटा भरल्या. १५० मान्य, १४१ नाकारल्या. पुन्हा तसंच. इथं नाकारण्यामागं एक जादा कारण होतं. साहिबगंज हे धान्याच्या चोरट्या वाहतुकीसाठी बदनाम गाव होतं, त्यामुळं पेढीनंही तसे पैसे केले असतील, असा सूर होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही बाजूला सारलं. गाव बदनाम आहे म्हणून माणसाच्या वहीतली रोकड खोटी ठरत नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

गाव बदनाम आहे म्हणून. हे वाचलं तेव्हा मला माझी डिसेंबर २०१६ ची बातमी आठवली. न्यायालयानं अधिकाऱ्याला जे करायला मनाई केली होती, तेच मी पहिल्या पानावर करून मोकळा झालो होतो.

या दोन्हींच्या आधीचा, १९५४ चा ढाकेश्वरी कॉटन मिल्सचा निकालही सांगितला पाहिजे. तिथं दुसऱ्या गिरण्यांच्या नफ्याच्या टक्केवारीवरून या गिरणीचा नफा ठरवला, पण ती टक्केवारी आली कुठून हे गिरणीला दाखवलंच नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आयकर अधिकाऱ्याला पुराव्याचे कोर्टातले काटेकोर नियम लागू नाहीत हे खरं, पण म्हणून नुसत्या अंदाजावर आकारणी चालणार नाही. आणि ज्या माहितीवर आकारणी करताय ती माणसाला दाखवा, त्याला उत्तर द्यायची संधी द्या.

पण नाण्याची दुसरी बाजू

इथवर वाचून काही व्यापारी मित्र खूश झाले असतील. थोडं थांबा.

१९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मध्य प्रदेशातलं एक प्रकरण निकाली निघालं, इसुफअली यांच्या पेढीचं, विक्रीकराचं. तपासणीत एक बिलबुक सापडलं. त्यात फक्त १९ दिवसांचे व्यवहार होते, आणि ते मुख्य वहीत नव्हते. रक्कम ३१,१७१ रुपये २८ पैसे. अधिकाऱ्यानं त्यावरून अंदाज बांधला की वर्षभर असंच चाललं असणार, आणि वहीबाहेरची विक्री अडीच लाख धरली. १९ दिवसांवरून वर्ष! उच्च न्यायालयाला ते पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाला पटलं. त्याचं म्हणणं असं की, खरा आकडा काय होता हे फक्त दुकानदाराला माहीत असतं. तो त्यानं लपवला. मग 'तुम्ही नेमका आकडा सिद्ध करा' असं तो अधिकाऱ्याला कसं म्हणणार?

म्हणजे एका बाजूला अर्ध्या नोटा मनानं नाकारणारा अधिकारी चुकीचा ठरतो, आणि दुसऱ्या बाजूला १९ दिवसांवरून वर्ष काढणारा बरोबर. हे निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत. फरक वहीचा आहे. मेहता पारीखची वही होती आणि ती खोटी ठरली नाही. इसुफअलींची वही त्यांच्याच बिलबुकानं खोटी ठरवली. वही टिकली की अंदाज करणाऱ्याचे हात बांधले जातात. वही पडली की हात मोकळे होतात, फक्त प्रामाणिक राहायची अट उरते.

वही नको, टक्का द्या

सरकारलाही कळत होतं की टपरीवाल्याकडून खतावणी मागण्यात अर्थ नाही. १९९२ मध्ये मनमोहनसिंग अर्थमंत्री असताना छोट्या किरकोळ दुकानदारांसाठी एक योजना आली. वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल तर सरसकट १,४०० रुपये भरा. ती काही वर्षांनी बंद झाली. १९९७ पासून किरकोळ व्यापाऱ्यांना ४० लाखांपर्यंतच्या विक्रीवर ५ टक्के नफा दाखवायची सोय झाली. पुढं ४४एडी कलमाचा विस्तार झाला आणि बहुतेक छोट्या धंद्यांना ते लागू झालं. विक्रीच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवा, सविस्तर वह्या ठेवायची सक्ती नाही. नोटाबंदीच्या वर्षापासून बँकेतून किंवा डिजिटल मार्गानं आलेल्या विक्रीसाठी हा टक्का ६ केला.

योजना चांगली आहे. दादाचं विवरणपत्रही असंच भरलेलं होतं. पण तिनं एक गैरसमज पसरवला. 'वही ठेवायची सक्ती नाही' याचा अर्थ लोकांनी 'वहीची गरज नाही' असा घेतला. कायदा तुमच्या विक्रीवरचा नफा मानून घेतो. घरात ठेवलेली रोकड कुठून आली, भिशीची की उसनवारीची, हे तो मानून घेत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं, आणि ज्या दिवशी विचारतात त्या दिवशी ते तीन वर्षं जुनं झालेलं असतं. आयकराचा नवा, २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे आकडे बदलले. सिद्ध करायची जबाबदारी कोणावर, ते बदललेलं नाही.

वहिनीची दुधाची वही

परत दादाकडं येतो. आम्ही अपील केलं.

गल्ल्याची वही दादा लिहायचा. शंभर पानी, पेन्सिलनं, रोज रात्री एक आकडा. सीए साहेबांनी मागितली तेव्हा २०१६ ची वही सापडली, पण ऑक्टोबरची पानं नव्हती. दादा खाली बघत म्हणाला, "भजे बांधून देल्ले असतीन." पेपरची रद्दी संपली की तो जुन्या वहीची पानं फाडायचा. बाबांच्या काळी चोपडीला पाय लागला तर नमस्कार करायचे. आम्ही तिची भज्यांची पुडी केली.

वही मिळाली ती वहिनीची, दुधाची. गवळ्याचा हिशेब तिच्याकडं. रोज किती लिटर, किती पैसे दिले, कोणत्या दिवशी दूध नासलं, सगळं तारीखवार, शाईनं. सीए साहेबांनी त्यावरून रोजचा चहा किती खपला असेल ते काढलं, सोबत गॅस सिलिंडरच्या पावत्या लावल्या. भिशीच्या वहीची झेरॉक्स जोडली, भिशीतल्या सात जणांनी प्रतिज्ञापत्रं दिली. आधी का दिलं नाही, याचं कारण लिहावं लागलं. मेहता पारीखचा निकाल लावला, साहिबगंजचाही लावला. अकोल्याचा लावा म्हणून मीच आग्रह धरला. सीए साहेब हसले, म्हणाले, "तो तर त्यांच्या बाजूचा आहे." मग म्हणाले, "पण प्रामाणिक अंदाजाची ओळ आपल्या कामाची आहे," आणि लावला.

२०२३ मध्ये निर्णय आला. भिशीचे १ लाख २० हजार पूर्ण मान्य झाले. गल्ल्यातले ७० हजार तसेच राहिले. दूध किती आलं हे कळतं, पण त्यातून किती शिल्लक राहिली आणि ती नोव्हेंबरपर्यंत घरातच होती हे कळत नाही, असं त्यात म्हटलं होतं. रागानं वाचलं, पण खरं सांगतो, यात खोडून काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. ऑक्टोबरची पानं असती तर सापडलं असतं. दादानं साधारण ५४ हजार आणि व्याज भरलं. पुढं जायला नको म्हणाला. स्लॅब दोन वर्षांनी पडला.

त्या ७० हजारांचं खरं दादाला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.

शेवटी एवढंच

मी सीए नाही, वकील नाही. नोटीस आली तर जाणकाराकडंच जा, आणि मुदतीच्या आत जा. पण एवढं वाचून माझं मत असं झालंय. छोट्या धंद्याचं खरं उत्पन्न रुपया-पैशापर्यंत कधीच सिद्ध होत नाही. १८८६ ला होत नव्हतं, आज यूपीआयच्या जमान्यातही होत नाही, कारण मोबाईलवर आलेली रक्कम म्हणजे विक्री असेलच असं नाही आणि विक्री म्हणजे तर उत्पन्न नव्हेच. मेव्हण्यानं पाठवलेले उसने पैसेही त्याच खात्यात येतात. शेवटी दोन अंदाज समोरासमोर येतात, एक तुमचा, एक सरकारचा. न्यायालयांनी इतक्या वर्षांत एवढंच सांगितलं की दोघांनीही आपला अंदाज कशावरून आला ते दाखवा. ज्याच्याकडं त्या त्या दिवशी लिहिलेला कागद आहे, त्याचा अंदाज वरचढ ठरतो.

म्हणून दुकानदार भावांनो, पाच मिनिटं लागतात. रोज रात्री वहीत गल्ला, खर्च आणि हातातली शिल्लक लिहा, शाईनं, तारीख टाकून. उसने घेतले-दिले, भिशी आली, तर माणसाच्या नावासकट लिहा. जमेल तेवढे घरचे पैसे आणि दुकानाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. दूध, गॅस, माल यांच्या पावत्या एका डब्यात टाकत चला. आणि पानं फाडू नका.

खात्यातल्या लोकांनाही एक विनंती. नोटीस काढताना १९५४ आणि १९५९ चे निकाल एकदा वाचत जा. आणि आम्हा पत्रकारांनीही वाचावेत. 'संशयास्पद' हा शब्द लिहिताना आता माझा हात थांबतो. २०१६ च्या त्या बातमीबद्दल गावातल्या व्यापाऱ्यांची इथं जाहीर माफी मागतो. उशीर झाला, मान्य आहे.

काल रात्री दादाला घेऊन बसलो. नवी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख टाकली. लिहायचं काम वहिनीकडं दिलंय. स्टिकर अजून बरणीमागंच आहे. बघू.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या दुकानाच्या जुन्या चोपड्या असतील तर रद्दीत देऊ नका, मला दाखवा. या विषयावर अजून लिहायचंय.